वरच्या थरातलं नातं

काचेच्या पडद्यावर दोन ठिपके होते, सुभाष आणि आबा. मधे दोन रेषा, आणि दोन्हींवर एकच शब्द: सासरा-जावई.

"रक्ताचं नातं नाही. नातेजालानं मूत्रपिंड द्यायला परवानगी नाकारलीय," दवाखान्यातल्या समन्वयक बाई म्हणाल्या. नातेजाल म्हणजे सरकारी नकाशा. माणूस म्हणजे ठिपका, नातं म्हणजे रेषा. रक्ताची नाती खालच्या थरात, सोयरिकी वरच्या. ते आल्यापासून "तुमचं नातं काय?" असं तोंडानं कुणी विचारतच नसे.

भारतीचं डोकंच फिरलं. आत नवरा यंत्रावर जगतोय, बाप द्यायला तयार, सगळ्या तपासण्या जुळलेल्या, आणि ही काच आडवी! "अहो मॅडम, आबा त्यांचे सख्खे मामा! मी मामाची मुलगी, म्हणून तर लग्न झालं आमचं. सासरे मागाहून झाले, मामा जन्मापासूनचे आहेत."

"त्याचं जावळ माझ्या मांडीवर काढलंय!" आबा गरजले.

बाईंनी कंपनीला फोन लावला. पलीकडचा इंजिनिअर गोड आवाजात म्हणाला, "माहिती बरोबर आहे हो, फक्त दिसताना गडबड होते. त्याच दोन ठिपक्यांत दोन थरांवर रेषा असल्या, की वरच्या रेषेचं नाव खालचीवरही उमटतं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

"तोवर माझा नवरा टिकायला नको?"

"मग वरची रेषा काढा. घटस्फोटाची नोंद केलीत, की खालचं नातं लगेच दिसेल."

घ्या! मामाची मुलगी करायची रीत इकडे घरोघरी, आणि जाल विणणाऱ्या एकाही शहाण्याला ती आठवली नाही. चूक त्यांची, संसार मोडायचा भारतीनं! दातओठ खात तिनं काचेवर अंगठा टेकवला. सुभाषनं पडल्या पडल्या आपला दिला. "बरा झालो की मामाकडं परत मागणी घालतो," तो कसाबसा म्हणाला.

रेषा पुसली गेली. खाली 'मामा-भाचा' उमटलं आणि परवानगी आली.

शस्त्रक्रिया पार पडली. शुद्धीवर येताच सुभाष तिचंच नाव घेतोय असं नर्सनं सांगितलं, तशी भारती धावत दाराशी गेली. रखवालदारानं तिचा चेहरा काचेला दाखवला आणि हात आडवा घातला.

"ताई, तुम्ही पेशंटच्या मामेबहीण. आत फक्त बायकोला सोडतात."

भारतीनं गळ्यातलं मंगळसूत्र त्याच्यासमोर धरलं. "अरे दादा, त्यांचा जीव वाचावा म्हणूनच त्या काचेवर बायकोपण पुसलंय मी! काचेकडं काय बघतोस, माझ्याकडं बघ. मी कोण दिसते तुला?"