गच्चीवरची हाजरी

तुरीच्या वावरात रानडुकरं शिरायला लागली की आर्णीकडच्या त्या तांड्यातली पोरं रात्री जागलीला जातात. सोबत देवीलालकाका असले की एकाचाही डोळा लागत नाही. काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. जन्मभर रात्रीच्या गाड्या हाकल्यामुळे झोपेशी त्यांचं कधी जमलंच नाही. त्या रात्री शेकोटी पेटली, बबलूनं मोबाइलवर भुताचा व्हिडिओ लावला आणि काका एकदम भडकले.

"बंद कर ते! पांढरं लुगडं नेसून हासत फिरनारी भुतं पाहून राह्यले! भूत कायले येते, मालूम हाये का तुले? राग जिरत नाही म्हनून येते. आपल्या समीक्षाले इचारजो."

"मास्तरीनबाईले?" शाम हसला. "ते त मानतच नाही भूतगित."

"मानत नव्हती," काका म्हणाले. मग शेकोटीत काडी खुपसत त्यांनी सांगितलं ते असं.

समीक्षा म्हणजे याच तांड्यातल्या सुखीबाईची लेक. यवतमाळच्या एका कॉलेजात ती इतिहास शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे साहेबांची मर्जी असेपर्यंत बाई, मर्जी गेली की रस्ता मोकळा. उरलेल्या वेळात ती शहरातल्या जुन्या घरांचा आणि कोठ्यांचा इतिहास गोळा करत फिरायची. कोणत्याही घरात गेली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे: बांधलं कोणी? मालक ऐटीत सांगायचे, आमच्या आजोबांनी. ही विचारायची, "म्हणजे गारा त्यांनी कालवला का?" त्यामुळे चहा पुष्कळ घरी मिळायचा, दुसऱ्यांदा बोलावणं थोड्याच घरांतून यायचं.

जुन्या जिनिंगच्या मागे बन्सी कोठी आहे. कापसाला सोन्याचा भाव होता त्या काळात बन्सीधर शेठनं बांधलेली, दुमजली, कमानीची. त्यांच्या नातवानं, नवलशेठनं, ती नव्यानं रंगवून घेतली आणि दाराशी कोठीचा इतिहास सांगणारा संगमरवरी दगड बसवायचं ठरवलं. तो मजकूर लिहायचं काम त्यानं समीक्षाला दिलं, कारण नवलशेठ तिच्याच कॉलेजच्या संस्थेच्या मंडळावर होता. समीक्षानं ते आनंदानं घेतलं. त्या कोठीबद्दल ती लहानपणापासून ऐकत आली होती.

त्या कोठीची गच्ची तांड्यातल्या बायांनी ठोकली होती. तेव्हा सिमेंटचा स्लॅब कुठला! चुना, विटांचा चुरा, गुळाचं पाणी आणि बेलाचा गर एकत्र करून गच्चीवर पसरायचे आणि बायांनी ओळीनं बसून लाकडी थापीनं तो थर ठोकत राहायचं. एकदा सुरू केलं की चुना आळेपर्यंत थांबायचं नाही. मध्येच थांबलं तर सांधा राहतो आणि गच्ची जन्मभर गळते. म्हणून रात्रीसुद्धा ठोकणं चालायचं. अंधारात कोणी पेंगू नये, काठावरून पडू नये, यासाठी टोळीची म्होरकी, मुखी बाई, फेरीफेरीनं एकेकीचं नाव घ्यायची. जिचं नाव येईल तिनं "हाव", म्हणजे हो, म्हणायचं आणि थापी मारायची. कोणाचं तान्हं खाली रडायला लागलं, तर शेजारीण तिच्या नावाला हाव म्हणायची, तिची थापी मारायची आणि ती शिडीनं उतरून लेकराला पाजून यायची. मात्र नियम पक्का होता. दुसरीच्या नावाला हाव म्हटलं की ती परत येईपर्यंत तिचं काम आपल्या अंगावर. तोवर सुटका नाही.

रुपीबाई ही सुखीबाईची आजी. तिची मुलगी तेव्हा महिनाभराची होती, खाली झोळीत. बाया सारख्या उतरतात म्हणून बन्सीधर शेठनं त्या रात्री शिडीच काढून घेतली. रुपीला ताप भरलेला. खाली लेकरू रडत होतं आणि ती वरून ओरडत होती, "छोरी रोरी छ! छोरी रोरी छ!" पोरगी रडते आहे, एवढंच. शिडी लागली नाही. पहाटेआधी रुपी गच्चीच्या कोपऱ्यात आडवी झाली ती उठलीच नाही. आणि ठोकणं? ते चालूच राहिलं. रुपीचं नाव आलं की बाया रडत रडत तिच्या नावाला हाव म्हणत राहिल्या. सकाळी शिडी लागली, तेव्हा गच्ची झाली होती.

समीक्षानं दगडाच्या मजकुरात खाली एकच ओळ घातली होती. 'या कोठीची गच्ची आर्णीकडच्या तांड्यातल्या स्त्रियांनी ठोकली. ते करताना रुपीबाई गच्चीवरच वारल्या.' नवलशेठनं ती वाचली आणि पेन फिरवलं.

"शुभ कामात हे कशाला? आणि मॅडम, पुढच्या वर्षीचे तास कोणाला द्यायचे ते ठरायचं आहे अजून. समजून घ्या."

समीक्षा समजली. घरात तिच्याच पगारावर चूल, धाकटा भाऊ शिकत होता. ती मान खाली घालून "बरं" म्हणाली. दगडावर कोरलं गेलं, 'ही वास्तू श्रीमान बन्सीधर शेठ यांनी स्वहस्ते उभारली.' स्वहस्ते! ज्या माणसाच्या नखाला कधी चुना लागला नाही, त्याचे हात दगडावर आले आणि जिचा जीव गेला तिचं नाव पेनाच्या एका रेघेत गेलं. सुखीबाईनं ऐकलं तेव्हा ती लेकीला एवढंच म्हणाली, "तुयाच हातानं पुसलं न तू तिले?" समीक्षा त्या दिवशी जेवली नाही.

ती रात्र भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची, शुक्रवारची. शनिवारी सकाळी दगडाचं अनावरण होतं. कोठीवर रोषणाई केली होती आणि तिचे फोटो काढायला समीक्षा गेली होती. काम साधंच होतं. गल्लीत मांडव घातल्यामुळे स्कूटी तिनं मोठ्या रस्त्यावर लावली. चौकीदार गुलाबसिंग ओळखीचा. त्याच्या खोलीत तिनं फोन चार्जिंगला लावला आणि कॅमेरा घेऊन आत गेली.

दगडावर मखमली कापड होतं. तिनं ते उचलून पाहिलं आणि 'स्वहस्ते' वाचून तिच्या अंगाची लाही लाही झाली. राग शेठचा होता, त्याहून जास्त स्वतःचा. कापड तसंच सोडून ती जिन्यानं वर गेली. एवढी वर्षं जिच्याबद्दल ऐकलं, त्या गच्चीवर ती पहिल्यांदाच पाऊल ठेवत होती. चपला तिनं दाराशी काढल्या. गच्ची अजून गुळगुळीत होती, कुठे तडा नाही. ती कोपऱ्यात बसली आणि मनसोक्त रडली.

तेवढ्यात नवलशेठचा गुलाबसिंगला फोन आला. फटाके उडवायला पोट्टे वर चढतात, गच्चीचं दार लावून घे. गुलाबसिंग तेव्हा मागच्या बाजूचे दिवे पाहत होता. बाहेर स्कूटी नाही, म्हणजे बाई गेल्या असं त्याला वाटलं. तो जिना चढला आणि गच्चीवर न डोकावता जिन्यातल्या अंधारातच त्यानं आतून कडी घातली.

कडीचा आवाज ऐकून समीक्षा धावली. तिनं दार बडवलं, हाका मारल्या. पण खाली गल्लीत फटाक्यांच्या लडी लागल्या होत्या. तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. लड विझेपर्यंत गुलाबसिंग लांब फाटकाशी जाऊन बसला होता; तिथवर तिची हाक पोचेना आणि फोन होता त्या खोलीकडे तो रात्रभर फिरकला नाही. मग रोषणाई बंद झाली.

थंडी पडायला लागली. दाराला पाठ लावून ती बसली. सकाळी उघडतील, असं तिनं स्वतःला समजावलं.

मग वास आला. ओल्या चुन्याचा. त्यात गुळाचा.

रंगकाम झालंय, त्याचा असेल.

ठप.

तिला वाटलं, उरलेला एखादा फटाका.

ठप. … ठप.

आवाज गच्चीवरून येत होता. समोरून. समोर कोणी नव्हतं.

"सोनी…"

"हाव." ठप.

"गोमली…"

"हाव." ठप.

आवाज बायांचे होते. थकलेले. घसा कोरडा पडलेले. समीक्षानं पाय पोटाशी घेतले. तळव्यांना गच्चीची थरथर जाणवत होती.

"चांदी…"

"हाव." ठप.

"रुपी…"

काहीच नाही.

पुन्हा, "रुपी…"

काहीच नाही. आणि खाली, अंगणात कुठेतरी, एक तान्हं लेकरू रडायला लागलं. बारीक आवाजात. श्वास तुटेपर्यंत.

फेरी पुन्हा सुरू झाली. सोनी, गोमली, चांदी. प्रत्येक नावाला हाव आणि थापी. रुपीच्या नावाला मात्र आता कोणी हाव म्हणत नव्हतं. प्रत्येक फेरीला मुखी बाईचा आवाज चढत होता. त्यात रडणं नव्हतं. राग होता. आणि तो आवाज दर फेरीला समीक्षाच्या थोडा जवळ येत होता.

"रुपी…"

समीक्षानं कानांवर हात ठेवले. आईनं सांगितलेला नियम तिला ठाऊक होता. पण तिला पेनाची ती रेघ आठवली. स्वतःचं "बरं" आठवलं.

"रुपी!"

अगदी कानाशी.

"हाव!" समीक्षा ओरडली. "हाव! हाव!"

सगळं थांबलं.

कोपऱ्यात… जिथे ती रडत बसली होती तिथेच… कोणीतरी हळूच उठून उभं राहिल्यासारखं वाटलं. दिसलं काही नाही. फक्त तापलेल्या अंगाची ऊब तिच्या गालाजवळून गेली. दार उघडलं नाही. कडी वाजली नाही. पण पावलं दारापलीकडे गेली. जिन्यावरून उतरली. घाईघाईनं.

खाली लेकराचं रडणं थांबलं.

समीक्षानं डोळे मिटले. सुटली बिचारी, असं तिला वाटलं. मग खालून, दगड बसवला होता त्या दाराच्या बाजूनं आवाज आला.

ठप.

ठप. ठप. ठप.

एवढ्या जोरात की कोठीच्या भिंती हादरल्या. आणि वर पुन्हा हाजरी सुरू झाली. सोनी… गोमली… चांदी…

"रुपी…"

आता समीक्षाला कळलं. हाव तिनं म्हटलं होतं. काम तिच्या अंगावर होतं. एक हाव चुकला तर रुपीला परत वर यावं लागेल.

"हाव," ती म्हणाली, आणि उघडा तळवा गच्चीवर आपटला.

सकाळी गुलाबसिंगनं दार उघडलं, तेव्हा समीक्षा गच्चीच्या मधोमध बसली होती. तळवे सुजून लाल झालेले. घसा बसलेला. समोर कोणी नव्हतं, तरी थोड्या थोड्या वेळानं ती "हाव" म्हणत होती. गुलाबसिंगनं तिला पाणी पाजलं, हाताला धरून खाली आणलं. खाली पाहुणे जमले होते आणि नवलशेठ कापड ओढत होता.

कापड पडलं. दगड जिथल्या तिथे होता. पण 'श्रीमान बन्सीधर शेठ यांनी स्वहस्ते' एवढ्यावर चुन्याचा जाड थर होता आणि त्यावर थापीचे चौकोनी ठसे. बाकीची सगळी अक्षरं स्वच्छ.

नवलशेठनं समीक्षाकडे पाहिलं आणि त्याचा तोल गेला. "हे तुझंच काम! रात्री तूच होतीस इथे! उद्यापासून कॉलेजचं तोंड पाहू नकोस!"

समीक्षाच्या घशातून आवाज निघत नव्हता. तरी तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "मी रातभर गच्चीवर कोंडली होती, शेठ. कडी कोनाच्या हुकुमानं लागली?"

गुलाबसिंगनं मान खाली घातली. "साहब, आपने ही तो फोन किया था."

तिथेच, दगडासमोर उभं राहून, बसलेल्या आवाजात समीक्षानं रुपीबाईची सगळी हकिकत सांगितली. पाहुणे ऐकत राहिले. नवलशेठनं माइक बंद करायला लावला, पण माइक चालू होताच कुठे! तिची नोकरी त्याच दिवशी गेली. आता ती मारेगावकडे एका शाळेवर शिकवते आणि कोणी "बांधलं आजोबांनी" म्हटलं की तिथल्या तिथे बोलते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

देवीलालकाकांनी हातातली काडी शेकोटीत टाकली. शेकोटी खाली बसत आली होती.

"मंग तो चुना?" शामनं हळूच विचारलं.

"खरवडला ना शेठनं. दुसऱ्या दिवशी तिथंच. दगड बदलला. नव्या दगडावरबी तिथंच. आता त्यानं परदा लावून ठेवला हाये समोर."

"रंगाऱ्यानं केलं असन कोनी," बबलू म्हणाला. पण मोबाइल त्यानं केव्हाच खिशात घातला होता.

"अबे, चुना हप्त्याभरात वायते. दिवाळी होऊन किती दिवस झाले?"

तुरीत काहीतरी सळसळलं. एरवी पोरं बॅटरी घेऊन धावली असती. कोणीच उठलं नाही.

"तुमी पाह्यला काय, काका?"

"परवा गेलतो. परदा सारला अन् बोट लावलं." काकांनी उजव्या हाताचं बोट शेकोटीच्या उजेडात धरलं.

"ओला हाये अजून," ते म्हणाले. "अन् कोमट."