सव्वापाचची बस

ऐक ना, आणि मध्ये बोलू नकोस हं! हेस्टर पार विटली होती गं. सहा वर्षं भाड्याच्या खोल्या, ओले बूट आणि कुणाच्या तरी शेतात जुने अवशेष शोधत खड्डे खणणं. यॉर्कशायरच्या त्या कड्यावरचा रोमन टेहळणी बुरूज दरवर्षी थोडा थोडा समुद्रात ढासळतोय, म्हणून उरलेला घाईने खणायचा होता. तिचं हे शेवटचं काम. मग सोमवारी नऊला लीड्सला विमा कंपनीत हजर. उशीर झाला तर नोकरी गेली, असं साहेबाने बजावलेलं.

पहिल्याच दिवशी धुक्यातून कुणीतरी ओरडलं, "थांब! पुढे नुसता समुद्र आहे!"

कड्याची धार दोन पावलांवर... आणि हा गार्थ, तिच्यासारखाच खणायला आलेला, नाकाला चिखल लागलेला.

"खणायला आलीस की उडी मारायला?"

"तुझं तोंड बघून ठरवते."

त्यानेच तिला मातीतला एक काळपट गोल डाग दाखवला — बुरुजाचा लाकडी खांब कुजून उरलेला खड्डा! तीन आठवडे दोघांनी गुडघे टेकून, थापीने चिमूट चिमूट माती काढली. आणि तळाशी काय? एकोणीसशे एकोणीसचं नाणं! या खणणाऱ्या लोकांची रीतच आहे, खड्डा बुजवताना तळाशी त्या सालचं नाणं टाकायचं, पुढच्याला कळावं म्हणून. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी खणून बुजवलेलाच खड्डा हे पुन्हा खणत होते!

"खांब म्हणे!" हेस्टर हसत सुटली, हसता हसता रडायलाच लागली.

गार्थने तिच्या हातातलं फावडं काढून घेतलं, आणि तिच्या वाटणीची मातीही त्यानेच परत खड्ड्यात ढकलली.

रविवारी सगळं बुजवून दोघं बस-थांब्यावर बसली. लीड्सकडे जाणारी सव्वापाचची शेवटची बस; ती चुकली तर सोमवारी नऊला पोचणं अशक्यच. आता हा पुढच्या खणायच्या कामाला चल म्हणणार... तिने 'नाही' तयारच ठेवलं होतं.

तो म्हणाला, "डोळे मीट जरा. बस आली की उठवतो."

त्याच्या खांद्याला ओल्या मातीचा वास होता. बस आली. दार फुस्सकन उघडलं.

"हेस्टर..." त्याने हाक मारली, पण इतकी हळू — इतकी हळू, की माशीसुद्धा उठली नसती!

आणि ती जागीच होती गं. सगळं ऐकू येत होतं.

"हिला यायचंय का?" ड्रायव्हरने विचारलं.

गार्थ गप्प. नुसता श्वास रोखलेला... तिच्या गालाखाली कळत होता.

तिने डोळे घट्ट मिटून घेतले. दार लागलं, बस गेली.

खरं सांग, तू डोळे उघडले असतेस?