खोलीला निरोप

सोलापूरजवळच्या गृहकारखान्यात तयार खोल्या ओळीने उभ्या होत्या. त्यांच्यामधून अभियंता नाफड्यांच्या मागे शर्मिष्ठा जवळजवळ धावत होती. तिचे वडील, अण्णा, सकाळपासून बेपत्ता होते. हल्ली त्यांना फारसं आठवत नसे. ‘हे आपलं घर नाही, मी घरी जातो,’ हा एकच धोशा.

“अहो, पण घर तर तेच आहे,” ती म्हणाली.

“जागा तीच. खोल्या तुम्ही एकेक करून चारही बदलून घेतल्यात. जुनी ट्रकवर, नवी क्रेनने तिच्या जागी, अगदी हुबेहूब.”

“मग जुन्या गेल्या कुठे?”

“डागडुजी करून विकल्या. मापं जुळणारी, म्हणून चारही एकत्रच, विजापूर रस्त्याच्या वसाहतीत. फरशीत पाऊलस्मृती असते ना, चाल ओळखून दार उघडणारी? खोली निघताना मालकाने निरोप दिला की ती पुसली जाते.” नाफड्यांनी पडद्यावर पाहिलं आणि ते बुचकळ्यात पडले. “तुमच्या पुसल्याच नाहीत. आज सकाळी तिथलं दार तुमच्या वडिलांच्या पावलांना उघडलंय. निरोप काय दिलात?”

काय देणार? हळदकुंकू वाहून ती चारही वेळा म्हणाली होती, ‘ये हं परत.’ वास्तूला ‘जा’ कोण म्हणतं? पण यंत्राला आपल्या रीती कोण शिकवणार? परत यायचंय, म्हणजे माणसं विसरायची नाहीत, एवढंच त्याला कळलं.

वसाहतीतल्या त्या घराच्या दारात नवी मालकीण रेश्मा मुजावर गोंधळून उभी होती. “दार आपोआप उघडलं. आजोबांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, बसले. दिवेसुद्धा त्यांचंच ऐकतात. ताई, हे घर माझंच आहे ना?”

अण्णा खिडकीशी निवांत बसले होते. “शर्मी, किती उशीर केलास. चहा टाक.”

कित्येक महिन्यांत त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती. तिला रडूच आलं.

“अण्णा, घरी चला.”

“घरीच आहे की.”

नाफडे हळूच म्हणाले, “राहिलेला निरोप पुरा करा. ‘जा’ म्हणा, बाकी मी पुसतो. घर या बाईंचं आहे.”

ते खरंच होतं. शर्मिष्ठाने भिंतीवर हात ठेवला.

“जा,” ती म्हणाली.

अण्णांच्या डोक्यावरचा दिवा विझला. ते उठले आणि पायाने चपला शोधू लागले.

“कुठे जाऊ, शर्मी?”