राणीनंतरची गुळणी

शिवरात्रीच्या दुपारी सुखराम नागरा गावच्या देवळामागच्या विहिरीवर लोटा भरायला गेला. रोजचंच काम. खेळाआधीचा लोटा ज्याचा त्याने भरायचा, दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, असा त्याच्या धंद्याचा रिवाज होता.

धंदा आवाजाचा. गोंदियाला आगगाडी येऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. त्याच गाडीने कलकत्त्याकडून आलेला एक पत्र्याचा डबा डोमनलालने विकत घेतला होता. डब्यात रॉकेलचा दिवा, पुढे भिंग. काचेवर रंगवलेली चित्रं त्यातून पांढऱ्या पडद्यावर पडत. दोन काचा भराभर सरकवल्या की चित्रातली राणी मान वळवायची, वाघ जबडा उघडायचा. काचा डोमनलाल सरकवी आणि पडद्यामागे बसून सुखराम बोले. वाघ तोच, गोसावी तोच, रानात हरवलेलं लेकरू तोच, आणि त्याला शोधत फिरणारी राणीही तोच.

विद्या डोमनलालचीच. एक आवाज संपला की लोट्यातलं पाणी तोंडात घ्यायचं, खळखळवायचं आणि शेजारच्या राखेच्या घमेल्यात थुंकायचं. मग दुसरा आवाज.

"वाघाचा असो का रानीचा," डोमनलालने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "लोकाचा आवाज गिळाचा नाई. पोटात गेला का घर करते तो."

राणीचा आवाज सुखरामने बायकोवरून, जमुनावरून उचलला होता. कुणाच्याही आवाजात शिरायला त्या माणसाचं एखादं बोलणं लागतं. जमुनाचं होतं, "काऊन वो माय?" लेकीला, धनवंताला, ती लाडाने ‘माय’ म्हणायची आणि ‘का गं?’ अशा अर्थाने दिवसातून दहा वेळा तसं विचारायची. सुखराम पडद्यामागे तेवढंच पुटपुटायचा आणि राणी बोलू लागायची. समोर बसलेली जमुना तोंडाला पदर लावायची.

"माहा आवाज घेऊन गावोगाव हिंडून रायले," घरी आल्यावर ती म्हणायची. "एक दिवस मी तुमचा काढीन. मंग पाहान."

एकदा काढलाही. बोलण्याआधी दोनदा खाकरायची सुखरामची सवय होती. जमुना खाकरली तीनदा, आणि हसू फुटून पुढचं बोलणं राहूनच गेलं.

"मी दोनच खेपा खाकरतो," सुखराम म्हणाला.

"तिसरी माह्यावाली," ती म्हणाली.

भादव्यात तिला ताप आला. पाचव्या दिवशी ती गेली.

दसऱ्यानंतर पहिला खेळ लागला. राणीचं बोलणं संपलं, सुखरामने पाणी तोंडात घेतलं आणि तो घमेल्यावर वाकला. पण थुंकवेना. जमुनाचं जगात जे काही उरलं होतं ते त्या एका घोटात होतं, असं त्याला वाटलं. त्याने तो गिळला. पुढच्या खेळाला पुन्हा गिळला. मग राणीनंतरची गुळणी तो थुंकेनासाच झाला.

धनवंता सात वर्षांची. आई गेल्यापासून ती ताटाकडे बघत नव्हती. मनगटं काडीसारखी झाली होती. ती एकाएकी जेवू लागली. हसू लागली.

"राती माय येते ना," तिने एक दिवस सांगितलं.

"कोठी येते?"

"तू झोपला का तुह्या तोंडातून बोलते. म्हणे, तुह्या पोलक्यासाठी लाल छीट घेतलं होतं, धानाच्या कणगीमांगं आहे. दिवाळीले देणार होती."

सुखरामने कणगी सरकवली. मागे, उंदरांनी एका कडेला कुरतडलेलं, लाल छीट होतं. त्याने ते झटकून पोलक्यासाठी शिंप्याकडे दिलं. त्याला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं.

भीती नंतर आली. माघात एका सकाळी त्याने बैलांना हाक मारली, तर बैलांनी मान वळवली नाही. परक्याने हाक मारावी तसे उभे राहिले. मग गोसाव्याचं बोलणं मध्येच बारीक होऊ लागलं. शब्द काढावा तो घशाशी यायचा आणि कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखा परत जायचा.

शिवरात्रीच्या त्या दुपारी, नागऱ्याच्या जत्रेत, लोटा भरून तो तंबूत आला तेव्हा डोमनलाल काचा पुसत होता.

"तू गिळून रायला ना गा?" मान वर न करता त्याने विचारलं.

सुखरामने लोटा घमेल्याशेजारी ठेवला.

"वयनीची आठवण मलेही येते, सुख्या. पन आज थुक. अजून एक घोट गेला त तुहा आवाज सरला. मंग तुह्या कातड्यात कोण राहील, सांग? अन पोट्टीले बाप कोठून आणशील?"

"थुकतो," सुखराम म्हणाला. तो एकच शब्द काढायला त्याला घाम फुटला.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. पडद्यावर राणीने मान वळवली. सुखरामने या खेपेला काहीच पुटपुटलं नव्हतं, तरी राणी बोलू लागली. ती रानभर लेकराला हाका मारत होती, आणि समोरच्या बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. लेकरू सापडलं. दिवा मालवला. विझल्या रॉकेलचा वास तंबूत पसरला.

सुखरामने गुळणी तोंडात घेतली आणि तो घमेल्यावर वाकला.

"बा..."

पडद्याच्या कडेला धनवंता उभी होती. अंगात लाल छिटाचं पोलकं.

"थुकू नको ना, बा. माय म्हणे... आज थुकला त मी मंग येणार नाई."

तोंडातलं पाणी गार राहिलं नव्हतं. राखेकडे बघत तो वाकून राहिला. बाहेर पाळण्याची करकर चालली होती, कुणी शेव-चिवडा ओरडत होतं. धनवंताने त्याचं बोट धरलं. तिच्या मनगटावर आता कुठे मांस चढलं होतं.

त्याने गिळलं.

परतताना डोमनलाल बैलगाडी हाकत होता. मागे भाताच्या तणसावर सुखराम आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून धनवंता. अंधार असा की बैलांची शिंगंही दिसत नव्हती.

"थुकला का गा?" पुढून डोमनलालने विचारलं.

नाही, असं सुखरामला सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. वाराही नाही.

"माय..." मांडीवरून धनवंता कुजबुजली.

"काऊन वो माय?" सुखरामच्याच तोंडातून, जमुनाच्या आवाजात, अगदी हळू.

"बा कोठी गेला?"

"हायच येथी. काढू त्याचा आवाज?"

चाकांचा खडखडाट चालला होता. पुढे ऐकू जाण्यासारखं ते नव्हतं. मग घसा खाकरला. एकदा, दोनदा, तीनदा. आणि कित्येक दिवसांत लागला नव्हता असा स्वच्छ, भरदार, सुखरामचा आवाज अंधारात उमटला.

"थुकलो, डोमनभाऊ. मोकळा झालो."

"हात लेका!" डोमनलाल खळखळून हसला. "हाच आवाज पायजे होता मले! आला ना घरी!" बैलांनीही कान टवकारले आणि पाय उचलले.

हा मी नाही, असं ओरडायला सुखरामने सगळा जीव गोळा केला. जीभ हलली नाही. कुणीतरी ती अलगद धरून ठेवली होती. ओळखीच्या हाताने, मायेने.

मांडीवर धनवंता खुदकन हसली.

"अजून एक खेप काढ ना, माय."

त्याने दात घट्ट आवळले. आवळलेल्या दातांआड घसा खाकरला. एकदा. दोनदा.

सुखरामने श्वास रोखून धरला.