दिनेशनं मागितलेली खांड

रविवारी सकाळी हितेश रोह्याहून बाइक काढून निघाला तेव्हा त्याला एकच काळजी होती, वडापाव गार होतील. ते अजून घ्यायचे होते, पेणच्या नाक्यावर, पण बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असा त्याचा स्वभाव. मागे त्याची धाकटी बहीण मनस्वी बसली होती. तिच्या मांडीवरच्या पिशवीत फासे, नकाशे आणि पुठ्ठ्याचा एक घडीचा पडदा होता. निडीच्या पुढे ऊन चढलं तेव्हा तिनं तो पडदा डोक्यावर धरला, त्यावरून दोघांचं थोडं भांडणही झालं.

महिन्यातून एका रविवारी चौघं जमत. हितेश गोष्ट सांगे आणि बाकीचे तिच्यातली माणसं होत. कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी जादूगारीण. काय करणार ते ज्यानं त्यानं बोलायचं, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवणार, आकडा मोठा तितकं चांगलं. हितेशला सगळे मास्तर म्हणत. मास्तरचा फासा पडद्याआड पडे, त्यामुळे किती आले ते त्या एकट्याला दिसे. तो कधीमधी खोटं सांगतो हे सगळ्यांना माहीत होतं. गोष्ट रंगवायला तेवढं चालतं.

या वेळी जमायचं होतं दिनेशकडे, धरमतरच्या बाजूला, खाडीच्या बांधाला लागून असलेल्या घरी. दिनेश जेसीबी चालवायचा. घरची मंडळी लग्नाला गेली होती, म्हणून माळ्यावर चटई अंथरून त्यानं सगळी तयारी करून ठेवली होती. करिश्मा पेणहून स्कूटीवर आली. ती दवाखान्यात नर्स होती आणि मूळची खाडीपलीकडच्या गावची. आल्या आल्या तिनं खिडकीतून खाडीकडे पाहिलं.

"पुनव हाय आज," ती म्हणाली. "दुपारला पानी चढंल."

दिनेशचा लढवय्या मागच्या खेपेला मेला होता, तेव्हा त्याला नवं पात्र घ्यायचं होतं. आता दिनेश म्हणजे नमुना. एकदा तो बोकड झाला होता, एकदा बोलणारी कढई. हितेशनं दोन्ही निभावलं होतं आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. खेळाडू काहीही मागो, मास्तरनं नाही म्हणायचं नाही. तीन प्रश्न विचारायचे आणि गोष्टीत जागा करून द्यायची, ही त्याची पद्धत.

"बोल, काय होणार?"

"मी खांड व्हनार," दिनेश म्हणाला.

खाडीचा बांध जिथे फुटतो त्या भगदाडाला तिकडे खांड म्हणतात. एका उधाणात ती सबंध गावाची शेती खारी करून टाकते. मनस्वी खो खो हसली. करिश्मा हसली नाही.

"उधाणाच्या टायमाला तिचं नाव नाय घेत आमच्यात," ती हळूच म्हणाली. "दुसरं कायतरी घे रे, दिनेश."

हितेश डोंगराकडचा माणूस, त्याला यात वावगं ते काय वाटणार? उलट त्याला स्फुरण चढलं. बोकड झाला, कढई झाली, आता खांड! त्यानं पहिला प्रश्न विचारला, "तिला काय हवंय?"

"मोठं व्हयाचंय."

"तिला काय जमत नाही?"

"बांध सोडता येत नाय."

"आणि ती मरते कशानं?"

दिनेशनं फासा तळहातावर फिरवला. "मरत नाय," तो म्हणाला. "बुजते. मानूस घातला का बुजते."

"मास्तर, हे नको," करिश्मा म्हणाली.

"अगं, खेळ आहे. चालेल!" हितेश म्हणाला. आणि मास्तर एकदा चालेल म्हणाला की ते चालतंच, हा नियमही त्याचाच होता.

खेळ सुरू झाला. गोष्टीतलं गाव, गोष्टीतला बांध, त्यात पडलेली खांड. करिश्माची जादूगारीण मंत्र म्हणत बुजवायला खाली उतरली. दिनेशनं फासा टाकला. "पाय धरला," तो म्हणाला. मग पुन्हा टाकला. "गुडघा उलटा फिरवला. हाड बाहेर आलं. आता चिखल भरतो तिच्या तोंडात, पयला जिभंवर, मंग घशात…"

तो हे सावकाश सांगत होता, जेवणाची चव सांगावी तसं. करिश्मानं आपला गुडघा दोन्ही हातांनी धरला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. माळ्यावर खाडीच्या चिखलाचा कुजका, खारट वास भरला होता, आणि तो खिडकीतून येत नव्हता.

"दिनेश, बस झालं," हितेश म्हणाला. "आता मनस्वीची पाळी."

"माजं झालं नाय अजून."

खाली भांडी एकमेकांवर आपटू लागली. हितेशनं खिडकीतून पाहिलं. घरामागचा बांध फुटला होता. तपकिरी पाणी परसात, ओट्यावर, सगळीकडे पसरत होतं, आणि एवढ्या पाण्याला आवाज मात्र नव्हता.

करिश्मा उठली. "मी चालली," म्हणत ती लंगडत जिन्याकडे धावली. दिनेशनं मान वळवली नाही. नुसता फासा टाकला.

"वीस," तो म्हणाला.

खाली कडकन आवाज झाला. हितेश आणि मनस्वी जिन्याच्या तोंडाशी पोचले तेव्हा करिश्मा मांडीभर पाण्यात उभी होती आणि तिचा एक पाय गुडघ्यातून मागच्या बाजूला वळत होता. कुणी वळवताना दिसत नव्हतं. तिनं किंचाळायला तोंड उघडलं तसा चिखल आत शिरला आणि किंकाळी आतच राहिली. मग पाण्यानं तिचं डोकं पायरीवर आपटलं. पुन्हा आपटलं. कवटी फुटून पायरी लाल झाली तरी पाणी आपटतच राहिलं. मनस्वीनं भावाच्या दंडात नखं रुतवली होती.

हितेशचं भान सुटलं. कोपऱ्यातलं लाकडी स्टूल उचलून त्यानं दिनेशच्या कपाळावर घातलं. कातडी फाटली, हाड दिसलं. रक्त आलंच नाही. जखमेतून तपकिरी पाणी ओघळलं आणि दिनेश हसला.

"माणूस मिळाला ना तुला!" हितेश ओरडला. "बुज आता!"

"ती आपल्या पायानं आली. घालावा लागतो, मास्तर. कोनीतरी घालावा लागतो." त्याच्या घशात बुडबुडे फुटत होते. "मनस्वीचा चोर बांधावर उबा हाय. पाय सटकतो का बघ. तू टाक फासा."

"मला घे. मी उडी मारतो."

"तू गोष्टीत नायस."

पाणी जिन्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं. मनस्वी भिंतीला टेकली होती, तिच्या घोट्यांभोवतीची चटई आपोआप भिजत चालली होती. "दादा, टाक," ती पुटपुटली. "लवकर टाक…"

हितेशनं पडद्याआड फासा टाकला. तो गडगडला, पुठ्ठ्याला लागला आणि थांबला. एक पडला होता.

"दादा… किती?"

"अठरा," हितेश म्हणाला. "वाचलीस तू."

दिनेशचा ओला हात पडद्याकडे सरकला. "पडदा काढ," तो म्हणाला.

विचार करायला वेळ नव्हता. हितेशनं फासा उचलला, तोंडात टाकला आणि गिळला. कोपऱ्यांनी घसा सोलला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडात रक्ताची चव पसरली. तरी त्यानं दोन्ही हातांनी गळा दाबत तो खाली ढकलला.

दाखवायला फासाच उरला नव्हता, आता मास्तरचं अठराच चालणार होतं. दिनेशचा हात हवेत तसाच राहिला. जिन्यावरचं पाणी एकेक पायरी उतरत गेलं.

संध्याकाळी गावातली माणसं आली. करिश्माला चादरीत गुंडाळून न्यावं लागलं. दिनेश चटईवर मांडी घालून बसलेला होता, मेलेला, आणि शवविच्छेदनानंतर डॉक्टर म्हणाले की त्याची फुप्फुसं चिखलानं गच्च भरली आहेत. चटई मात्र कोरडी होती. उधाणात बांध फुटला, बिचारी दोघं गेली, दिनेशचं कपाळही तेव्हाच कशावर तरी आपटलं, असं सगळे म्हणाले. हितेशनंही मान डोलावली. दुसरं काय सांगणार होता?

भावंडं रोह्याला परतली. हितेशनं एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. प्लास्टिकची वस्तू आपोआप पडून जाते म्हणून डॉक्टर हसले. ती पडून गेली नाही. पुढच्या पौर्णिमेपासून दर पौर्णिमेला, भर दुपारी, हितेशच्या पोटात फासा गडगडू लागला. जवळ बसलेल्या मनस्वीलाही तो ऐकू येई. ती त्याच्या पोटावर हात ठेवून खाडीचं पाणी ओसरेपर्यंत बसून राही, आणि तो तिला सांगे, घाबरू नको, खांडीला बांध सोडता येत नाही. बहिणीला वाचवलं याचं समाधान त्याला होतं. इतकं की त्यापायी त्याला करिश्माची आठवणही कमी येई, आणि याची त्याला लाज वाटे.

गेल्या पौर्णिमेला दुपारी मनस्वीनं हात काढून घेतला.

"दादा… थांबला तो," ती म्हणाली. "किती पडलाय?"

हितेशला अठरा म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि खाऱ्या चिखलाची गुळणी बाहेर आली, तिच्या ओढणीवर पडली. खांडीनं बांध सोडला नव्हता, आता हितेशच बांध होता. मनस्वी जागची हलली नाही, तिला हलता येत नव्हतं. हितेशचा हात तिच्या पायाकडे चालला होता, आणि तो आवरायला दुसरा हात पुढे केला, तर तोही तिकडेच गेला.