सोबत एक माणूस

मार्च महिन्यात, भर दुपारी, आभाळ असं अंगावर येईल हे सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. चंद्रिकेच्या गच्चीवर जुनी धोतरं अंथरून कडक भाकरी वाळत टाकलेल्या होत्या. अवकाळीचा पहिला टपोरा थेंब नेमका तिच्या नाकावर आला. ओढणी खोचून ती धावली. भाकरी गोळा करता करता बघते तर पलीकडच्या टोकाला एक अनोळखी तरुण गुडघ्यावर बसून तिच्याच भाकरी भराभर उचलत होता.

"ओ... कोण तुमी?"

"गिऱ्हाईक. खाली दुकानात कुणी न्हाय, वर धावपळ दिसली. म्हणून आलो."

"आणि एकावर एक कशाला रचताय?"

"मग कशा ठेवू? उभ्या?"

"ओल्या हायत त्या. अशा रचल्या की बुरा येतोय."

त्याने हातातल्या चळतीकडे बघितलं, मग तिच्याकडे. भुवईवरून पाणी ओघळत होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता. "मग आता...?"

"आता काय. उद्या येऊन या सगळ्या तुमीच खायच्या."

चंद्रिका हसली नाही. पण हसू दाबायला तिला मान वळवावी लागली. आणि तो पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी खरंच आला.

अभिमन्यू त्याचं नाव, गाव मोहोळ. महामार्गाला लागून त्याच्या वडिलांचं हॉटेल होतं. पुण्याहून येणारी गाडी तिथल्या भज्यांसाठी थांबायचीच. मग उड्डाणपूल झाला आणि गाड्या डोक्यावरून जायला लागल्या. "पुलाखाली बसून चहा कुणाला विकायचा? कबुतरांना?" तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. ते हसू काही खरं नव्हतं, हे चंद्रिकेला लगेच कळलं.

आता तो कॅनडाला निघाला होता. तिथल्या मोठ्या शहरांत नाही, पार उत्तरेला, तळ्याकाठच्या एका चिमुकल्या गावात. तिथलं हमरस्त्यावरचं हॉटेल एक म्हातारं जोडपं विकत होतं. असल्या थंडीत राहायला कुणी येत नाही, म्हणून तिथलं सरकारच परक्या माणसांना बोलावत होतं: या, धंदा उभा करा, इथलेच व्हा. अट एकच. लांबून धंदा चालवायचा नाही, तिथेच राहायचं आणि स्वतः गल्ल्यावर उभं राहायचं. जानेवारीत तो गाव बघूनही आला होता.

"कसं हाय?" चंद्रिकेने विचारलं.

"उणे तीस. श्वास घेतला की नाकात काटे टोचतात."

"मग जाताय कशाला?"

"गाड्या थांबतात तितं," तो म्हणाला.

लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांना कडक भाकरी आणि शेंगांची चटणी द्यायची, असं त्याच्या डोक्यात होतं. महिनोन्‌महिने टिकणारं, दुसरीकडे कुठेच न मिळणारं. ते शिकायला तो आता रोज या घरी येत होता. शिकवायचं काम चंद्रिकेच्या विधवा आत्याकडे, महादेवीकडे आलं. ऐन जवानीत कपाळ मोकळं करून माहेरी परतलेली ही बाई तेव्हापासून तव्यापुढून उठलीच नव्हती. पण आत्या बोलायची कमी, त्यामुळे चुका काढायचं काम चंद्रिकेने आपणहून घेतलं.

"ही भाकरी हाय का भारताचा नकाशा?"

"नीट बघ. कॅनडाचा हाय."

"मग वरचं टोक का करपवलंत?"

"थंडी कमी करतोय... कुणाला सोसावी म्हणून."

आत्या तव्याकडे बघत गालातल्या गालात हसायची. पीठ लागलेल्या हातांनी तो परात पुढे सरकवायचा आणि बोटाला बोट लागलं की दोघंही एकदम पिठाकडे बघायला लागायची. एके संध्याकाळी शेंगा कुटता कुटता त्याने उगाचच विचारलं, "आठ-आठ महिने बर्फ असतंय तितं. जमंल का?"

"कुणाला?"

त्याने उखळात मूठभर शेंगा टाकल्या. "...शेंगांना."

"शेंगांचं मला म्हाईत न्हाय," चंद्रिका म्हणाली, "माणसाला जमतंय की. सोबत असली म्हणजे."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. पेठेत जन्मलेली, पेठेतच वाढलेली ही पोरगी उशाला फोन घेऊन त्या तळ्याकाठच्या गावची थंडी बघत बसली. प्रेमात पडलेल्या माणसाचं शहाणपण असं असतं!

मे महिन्यात तो जिना चढून आला तो धापा टाकतच. "व्हिसाचा एजंट म्हणाला, कामात कसबी असंल तर सोबत एक माणूस नेता येतंय. रविवारी तुझ्या आप्पांशी बोलायला येतोय मी."

"काय बोलणार?"

"रविवारी कळंल की."

तो मराठा, हे लिंगायत. आप्पा काय म्हणतील या धास्तीने तिला तीन दिवस अन्न गोड लागलं नाही, आणि रविवारी ती गेलेल्या आईची इरकल साडी नेसून आतल्या दाराच्या पडद्यामागे उभी राहिली.

तिचे वडील चनबसप्पा, म्हणजे आप्पा, पूजा आटोपून बैठकीत बसले होते. कपाळावर विभूती ताजी होती. "बर्री, बर्री. या, बसा," ते म्हणाले. अभिमन्यू पाणी प्यायला. पुन्हा मागून प्यायला.

"आप्पा... तितं हाताखाली तयार माणूस लागंल. कागदपत्रं मी करतो, राहायची सोय माझ्याकडं. म्हणलं, चंद्रिकाला... कामाला पाठवता का?"

पडद्यामागे चंद्रिकेला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

आप्पांनी त्याचं तोंड निरखलं. मग शांतपणे म्हणाले, "कामाला माणूस पायजे व्हय? मग चंद्रिका कशाला? तिचा हात अजून कच्चा हाय. आमची महादेवी न्या. तिच्यासारखी भाकरी सोलापुरात कुणाची न्हाय."

चंद्रिका मनात म्हणाली, आता बोल. आता तरी बोल की मला चंद्रिकाच पायजे. एवढं एकच वाक्य.

अभिमन्यूने तोंड उघडलं, मिटलं. "व्हय... चालंल की," तो म्हणाला.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि कुणी ताक वाढलं की वाटी पुढे करायची, असलीच ही तऱ्हा. जिन्यात त्याने तिला गाठलं. लग्नाचं विचारलं असतं तर दार कायमचं बंद झालं असतं, म्हणून आधी कामाच्या नावाने बाहेर काढायचं आणि मग तिकडे लग्न करायचं, असं त्याने ठरवलं होतं. सगळं त्याने एका दमात सांगितलं.

"आणि मला विचारलं कधी?"

"तुला म्हाईतच हाय की..."

"मला म्हाईत असून काय उपयोग? सांगायचं त्यांना होतं."

"आता कागद तर जाऊ दे. नंतर नाव बदलू," तो म्हणाला. तिला त्याचा राग आला, आणि रागातही तो समोरून जाऊ नये असं वाटलं.

कागद गेले. नाव बदलायचं मात्र राहून गेलं, त्याला कारण आत्या. आधी ती दोन दिवस रडली. "म्हातारपणी मला कुटं धाडता," म्हणाली. तिसऱ्या दिवशी पासपोर्टच्या फोटोसाठी तिने केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला. मग चंद्रिकेकडून इंग्रजी शिकायला लागली. 'थँक यू' म्हणताना तोंडाला पदर लावायची. लोकरीचे पायमोजे आले तेव्हा ऐन उन्हाळी उकाड्यात ते घालून तिने घरभर फिरून बघितलं.

"चंद्री," एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अक्कलकोटच्या पुढं मी गेले न्हाय गं. मला कुणी कधी बोलावलंच न्हाय. हे पोरगं बोलावतंय बघ."

हिला काय सांगायचं? की तुला बोलावलं नव्हतं, तुझ्या नावाआड माझं नाव होतं? चंद्रिकेने पिठाचा डबा उचलला आणि काही कारण नसताना खाली जाऊन आली.

नोव्हेंबरात व्हिसा आला. निघायच्या सकाळी आत्या देवापुढे बसलेली असताना आप्पांनी चंद्रिकेला बैठकीत बोलावलं.

"तुला वाटत असंल, आप्पाला काय कळत न्हाय," ते म्हणाले. "पोरगं चटणी शिकायला रोज येतंय का? त्या दिवशी मी मुद्दाम महादेवीचं नाव काढलं. म्हणलं, बघू. न्हाय म्हणला असता, तर जातबित बाजूला ठेवून मी विचार केला असता."

"आप्पा..."

"माझ्यासमोर ज्याचं तोंड उघडलं न्हाय, त्यो परमुलखात तुझ्यासाठी कुणापुढं उघडणार?"

तो किती चांगला आहे, त्याचे हात किती प्रेमळ आहेत, हे सगळं चंद्रिकेला माहीत होतं, पण आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. तिला सगळ्यात जास्त दुःख याचंच झालं.

अभिमन्यू गाडी घेऊन आला. सामान चढवायच्या निमित्ताने दोघं गच्चीच्या जिन्यात उभी राहिली. त्याचे डोळे सुजले होते.

"मला भाकरीवालं माणूस नको होतं, चंद्रिका. तू पायजे होतीस. आजबी पायजेस."

इतके महिने ती हेच ऐकायला थांबली होती. ऐकलं, आणि तिला रडू फुटलं.

"आप्पांना सगळं म्हाईत होतं. तुमी न्हाय म्हणायची वाट बघत होते."

तो पांढराफटक पडला. मग वळला. "थांब. आत्ताच जाऊन सांगतो."

तिने त्याची बाही धरली. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच त्याला आपणहून धरलं होतं.

"आता सांगाल. मी सांगितल्यावर." तिने मान हलवली. "आणि आत्याला काय सांगाल?"

खाली आत्या शेजारणींच्या घोळक्यात उभी होती. नव्या कोटाच्या बाहीतून तिची बोटं बाहेर येत नव्हती, आणि ती लहान पोरीसारखी हसत होती. अभिमन्यूने तिच्याकडे बघितलं आणि त्याची मान खाली गेली.

"दोन-तीन वर्षांत येतो की मी... थांबशील?"

"तुमची अट काय हाय? तितंच राहायचं, गल्ल्यावर उभं राहायचं." तिने हळूच बाही सोडली. "उभे राहा. आत्याला थंडी सोसत न्हाय, तेवढं बघा."

"चंद्रिका..."

"लई आवडत होता तुमी मला," ती म्हणाली. "जावा आता. गाडी चुकंल."

आत्याने गाडीत बसताना तिची अलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली. अभिमन्यूने काच खाली केली, मग पुन्हा वर घेतली. गल्लीच्या वळणावर गाडी दिसेनाशी झाली तरी शेजारणी हात हलवतच होत्या.

घरात येऊन चंद्रिका तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडली. बऱ्याच वेळाने आप्पा दाराशी आले.

"लग्नघरची ऑर्डर हाय उद्याची," ते खाली बघत म्हणाले. "आता महादेवी न्हाय."

ती उठली. तोंड धुतलं, आत्याच्या पाटावर बसली आणि परातीत पीठ ओतलं. दुसरं बसणारं त्या घरात कुणी उरलं नव्हतं.