सवतीच्या हातचा शिरा

पटत नसेल तर सोडून द्या, पण ही रचलेली गोष्ट नाही. माझी चुलत आजी मैना, तिच्या बाबतीत घडलेली. साल १९३६, चैत्र महिना, पंचवटीतलं आमचं दोन खोल्यांचं घर.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती.

मैना दवाखान्यात आया होती. नवरा खंडेराव, त्याला लघवीतून साखर जायची. पहिली बायको भागीबाई वारली, मग मैना दुसरी म्हणून आली. रिवाजाप्रमाणे सवतीच्या नावाचा चांदीचा टाक तिच्या गळ्यात पडला. तो घातला की मेलेली सवत शांत राहते म्हणतात.

मैनेला तो टाक टोचायचा.

रोज सकाळी ती काचेच्या नळीत निळं औषध घ्यायची, त्यात नवऱ्याच्या लघवीचे थेंब टाकायची आणि नळी दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर साखर नाही. विटकरी झालं तर भरपूर. सुई द्यायची ती, पथ्याचं रांधायची ती. आणि हा बाबा कारलं चिवडत म्हणायचा, "शिरा करावा तर भागीनंच."

एकदा मैनेच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मग बोलवा की तिलाच. म्हणावं, घाल खायला."

आणि टाक काढून तिनं तांदळाच्या डब्यात टाकला.

दुसऱ्या सकाळी नळी उकळली...

विटकरी.

"कुणी दिलं गोड? त्या शेजारच्या अक्काबाईनं?"

"नाय गं. तुझ्याबिगर कोण देतंय मला?"

तिनं साखर, गूळ कुलपात घातले. तरी नळी विटकरीच. खंडेरावाच्या पायाच्या अंगठ्याला जखम होती, ती काळी पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पाय जाईल, मग माणूसही.

बाईच आहे कुणीतरी, मैनेनं ठरवून टाकलं. एका दुपारी कामाला निघाल्यासारखं केलं आणि मागच्या दारानं आत आली.

चूल थंड होती. तरी तूप कढल्याचा वास येत होता.

मग बांगड्या वाजल्या...

मैनेचे हात तर हललेही नव्हते.

बाहेरच्या खोलीत खंडेराव रिकाम्या ताटापुढे बसला होता. तोंड चालू होतं.

"बस भागी... लय झालं."

ताटात काही नव्हतं. ताटाभोवती मुंग्यांची रांग होती.

मैनेला भीती नंतर वाटली. आधी जळफळाट झाला. मेली तरी बयेचा जीव ह्याच्या ताटात अडकलेला! तिनं ताट आपल्याकडे ओढलं.

"आजपासून तुझ्या हातचं मी जेवणार. ह्यांना वाढायचं नाही."

रिकाम्या ताटात हात घालून तिनं घास तोंडात घातला...

गरम होता. गोड होता. वेलदोडासुद्धा लागला.

दुसऱ्या दिवशी खंडेरावाची नळी निळी. पुढेही निळीच राहिली. जखम भरली.

मैनेनं टाक परत घातला, पण ताट काही थांबलं नाही. रोज दुपारी ती त्याच्यापुढे बसायची. एकदा तिनं स्वतःची लघवी तपासली. विटकरी.

"काकू, उठत का नाही तुम्ही त्या ताटावरून?" तेव्हा घरात नवी सून म्हणून आलेल्या माझ्या आईनं विचारलं होतं.

"उठले तर ती त्यांना वाढील. माझ्या नवऱ्याला तिच्या हातचं नको."

काही वर्षांनी मैना गेली.

तिचे दिवस झाले, आणि दुपारी आईला खंडेरावाच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं.

"थांब भागी... मैना बी वाढतीय."

आई दारात गेली. रिकामं ताट. आणि दोन बाजूंनी मुंग्यांच्या दोन रांगा.

आमच्या घरात मुंग्या निघाल्या की मी अजून आधी रांगा मोजतो.